जवळचा नंबर

जो कधीच मरणार नाही, अशा पुरुषाच्या डोळ्यांत युगायुगांचा प्रकाश साठलेला असतो. साम्राज्यं उभी राहताना आणि मातीला मिळताना पाहिलेले ते डोळे. त्यांच्यासमोर बसणाऱ्याला स्वतःच्या क्षुद्रपणाची जाणीव होते आणि मान आपोआप खाली जाते. चष्मेवालीचीही मान खाली गेली, पण ती टेबलाखाली पडलेली टॉर्च शोधायला. वर येऊन तिने त्या युगायुगांच्या प्रकाशात टॉर्च मारली आणि म्हणाली, "जवळचं दिसत नाही ना?"

"दिसतं," तो म्हणाला.

राक्षसांशी लढणारी माणसं खोटं बोलत नाहीत असा समज आहे. तो त्यांनीच पसरवलेला आहे.

त्याला दुकानात आणलं होतं चष्मेवालीच्या आईने. आई काउंटरमागे बसून दिवसभर मऊ फडक्याने फ्रेमा पुसायची आणि काचेतून रस्त्यावर लक्ष ठेवायची. समोरच्या बसथांब्यावर फाटक्या लांब कोटातला एक उंच माणूस बसचं वेळापत्रक हातात घेऊन उभा होता. आधी त्याने कागद नाकाशी धरला, मग कोपर सरळ केलं, मग मान मागे नेली. शेवटी त्याने तो कागद खांबाला अडकवला आणि स्वतः चार पावलं मागे गेला. तेव्हा आईला राहवलं नाही. ती दारात जाऊन ओरडली, "अहो, हात अजून लांब कुठून आणणार? या आत!"

ज्याच्या नावाने पाताळात दारं लावून घेतात, तो मुकाट्याने आत आला.

"काम काय करता?" चष्मेवालीने विचारलं. हे ती प्रत्येकाला विचारायची. शिवणकामाचा नंबर वेगळा, गाडी चालवणाऱ्याचा वेगळा.

"राक्षस मारतो."

"किती अंतरावरून?"

इतक्या शतकांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. लोक एक तर किंचाळायचे, नाही तर पाया पडायचे.

"पूर्वी भाला होता," तो म्हणाला. "दहा हातांवरून काम व्हायचं. आता रस्ते अरुंद झाले. जिने, बोळ, लिफ्ट. भाला घेऊन बसमध्येही चढू देत नाहीत. म्हणून सुरा घेतला. आता हाताच्या अंतरावरून."

"म्हणजे जवळचं काम," ती म्हणाली. "आणि वार चुकतोय."

"सुरा नवा आहे. सवय व्हायची आहे."

"कधी घेतला?"

"शंभरेक वर्षांपूर्वी."

बाहेरून आईचा खोकला ऐकू आला. ती खोकल्यातच हसायची.

तपासणीची खोली म्हणजे काउंटरमागची एक फट होती. फळा जितका लांब हवा तितकी जागाच नव्हती. म्हणून चष्मेवालीच्या वडिलांनी पूर्वी एक युक्ती केली होती. अक्षरांचा फळा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगला, तोही उलट्या अक्षरांचा, आणि समोरच्या भिंतीला जाड, जुना, चांगला आरसा लावला. खुर्चीत बसायचं आणि आरशात बघून वाचायचं. जागा तेवढीच, अंतर दुप्पट. वडील गेले, पण त्यांनी दुकानाला मिळवून दिलेली ती लांबी राहिली.

लांबचं त्याने एका दमात वाचलं. शेवटची ओळ वाचली, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं ते वाचलं, आणि मागच्या भिंतीवरून चाललेल्या मुंगीचा एक पाय अधू आहे हेही सांगितलं. मग उघड्या दारातून वर आकाशाकडे बघत राहिला. भर दुपार होती.

"काय बघताय?"

"तारे."

"आत्ता?"

"ते कुठे जातात दिवसा? तिथेच असतात." तो शांतपणे सांगत होता, शेजाऱ्यांबद्दल सांगावं तसा. "त्या कौलांच्या वर एक निळा होता. विझला. मी तरुण होतो तेव्हा त्याच्यावरून वाट काढायचो."

चष्मेवालीने वर पाहिलं. तिला एक कावळा दिसला. पण त्या कावळ्याच्या मागे जे काही होतं ते त्या दिवसापासून तिच्यासाठी रिकामं राहिलं नाही. तिच्या अंगावर काटा आला, आणि व्यवसायाची सवय म्हणून तिने तो काटा बाजूला ठेवून म्हटलं, "लांबचं उत्तम आहे."

मग तिने त्याच्या हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपन्या अशी कार्डं छापतात. वर मोठ्या अक्षरांत एक गोष्ट सुरू होते आणि ओळीगणिक बारीक होत जाते. या कार्डावरची गोष्ट एका माळ्याची होती. त्याने कार्ड धरलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाला, "ही लिपी मला फारशी आवडत नाही."

"राहू द्या," ती म्हणाली. आवाजात किंचित दया होती. ती तिला स्वतःला ऐकू आली नाही. त्याला आली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. चष्मेवाली तरुण असताना भिंगं घासायच्या चाकावर धरलेली काच फुटली होती. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत एक लांब व्रण गेला होता, नकाशावर नदी जावी तसा. डोळा वाचला. पण तेव्हापासून समोरच्या माणसाची नजर आधी त्या व्रणावर पडायची, तापलेल्या तव्यावर बोट टेकल्यासारखी दचकून उठायची, आणि तिच्या कानावर जाऊन बसायची. मुलगी बघायला आलेले लोक तिच्या कानाशी बोलून गेले. पुढे पंचेचाळिशी आली, तरी गिऱ्हाइकं, मावश्या, डॉक्टर, सगळं जग तिच्या उजव्या कानाशीच बोलायचं. कान सुंदर होता, त्याबद्दल वाद नाही.

आणि हा माणूस सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलला होता. नजर हलली नाही, दचकली नाही. संथ तळ्यासारखी तिच्या चेहऱ्यावर पसरून राहिली. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना तिने कुलूप दोनदा उलट्या बाजूने फिरवलं.

तो पुन्हा आला. या वेळी कार्ड हातात घेऊन त्याने माळ्याची गोष्ट खणखणीत वाचली. "माळ्याने विहिरीवरून पाणी आणले." "माळ्याच्या बागेत मोर आला." अगदी तळाची, डोळ्यात तेल घालून वाचावी अशी ओळसुद्धा वाचली, "माळी संध्याकाळी घरी परतला." चष्मेवालीला वाटलं, त्या दिवशी थकला असेल. तिने हलका नंबर काढून चष्मा दिला.

काही दिवसांनी तो कोटाची बाही लोंबत असलेल्या अवस्थेत आला. वार पुन्हा चुकला होता. पुन्हा कार्ड, पुन्हा माळी घरी परतला, पुन्हा तसाच हलका नंबर. मग हे चालूच राहिलं. कधी नाकावरचं पॅड टोचतं, कधी काडी कानाला घासते. कोटाला दर वेळी एक नवी फाट असायची. बाकीच्या वेळी तो बसथांब्याच्या बाकावर बसून दुकानाकडे बघत असायचा. रस्त्यावरच्या लोकांनी त्याचं नाव 'कोटवाला' ठेवलं होतं. शेजारच्या न्हाव्याने एकदा विचारलंही, "मावशी, ते कोटवाले कुठल्या बसची वाट बघतात हो?"

"जी दुकानातून सुटते तिची," आई म्हणाली.

दरम्यान त्या रस्त्यावरचा राक्षस आपलं काम करत होताच. तो माणसं खात नसे. त्यांचे दिवस काढून घेत असे. तो जवळून गेला की माणूस होता तिथे बसायचा आणि समोर बघत राहायचा. दुखत नसे, खुपत नसे. विचारलं तर "बरंय" म्हणायचा. आधी फळवाला बसला, मग शिंपी, मग शाळेतल्या एक बाई. रस्त्याच्या टोकाला एक कचेरी होती, तिथे तर पहिल्यापासून सगळेच बसलेले होते. राक्षस तिकडे कधी येऊन गेला हे कोणाला कळायला मार्गच नव्हता.

"तो नेहमी जवळ येतो," कोटवाल्याने तिला सांगितलं होतं. "लांबून त्याला काही करता येत नाही. गळ्याखाली तिळाएवढी जागा असते. तिथे सुरा लागला तर संपतो."

"आणि नाही लागला तर?"

"तर एखाद्या दिवशी मी संपेन."

"पण तुम्ही अमर आहात ना?"

"म्हातारपणाने मरत नाही. आजाराने मरत नाही." त्याने जरा विचार केला. "त्यातून उरलेल्या सगळ्या कारणांनी मरतो."

मग एका सकाळी आईच्या हातून कार्डावर चहा सांडला. माळी, विहीर, मोर, सगळं तपकिरी झालं. चष्मेवालीने कपाटातून त्याच कंपनीचं दुसरं कार्ड काढलं. आकार तोच, रंग तोच, अक्षरांच्या पायऱ्या त्याच. त्यावर शेळीची गोष्ट होती.

दुपारी कोटवाला आला. खुर्चीत बसला, कार्ड हाताच्या अंतरावर धरलं आणि भारदस्त आवाजात वाचायला लागला.

"माळ्याने विहिरीवरून पाणी आणले."

चष्मेवालीने कार्डाकडे पाहिलं. कार्डावर शेळी कुंपण ओलांडत होती.

"माळ्याच्या बागेत मोर आला." त्याचा आवाज प्रत्येक ओळीला बारीक होत होता, बारीक अक्षरांना तो तसा करायचा, हे तिला आत्ता जाणवलं. "माळी संध्याकाळी घरी परतला."

चष्मेवालीने कार्ड हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं.

"छान," ती म्हणाली. "गुरुवारी या."

तो गेला. ती फटीतच उभी राहिली. आईने फडकं खाली ठेवलं.

"पाठ केलंय त्यांनी," आई म्हणाली. "समोर बाकावर बसून गिऱ्हाइकं वाचताना ऐकायचे. मला वाटलं होतंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खूश होतीस. मी कशाला मध्ये तोंड घालू?"

तिच्या मनात एक एक काच जागेवर बसत होती. त्याला जवळचं दिसत नाही. अगदीच दिसत नाही. खुर्ची आणि तिचं स्टूल यांच्यात हातभराचं अंतर. म्हणजे ते संथ तळं, ती न दचकणारी नजर, ते सगळं काय होतं? तिच्या जागी कोणी दुधीभोपळा बसवला असता तरी त्याने त्याच्याकडे तितक्याच आदराने पाहिलं असतं.

"आई, त्याने मला बघितलेलंच नाही."

"हं."

"खरा नंबर दिला तर बघेल."

"नाही दिला तर?"

"तर येत राहील."

"कितीदा?" आई म्हणाली. "कोटाला आता फाटायला जागा उरली नाहीये, बाळा."

एवढं बोलून आईने फडकं उचललं. मुलीला उपदेश करायची पाळी आली की ती फ्रेमा फार जोरात पुसायची.

तेवढ्यात शेजारचा न्हावी दारात आला. त्याच्या हातात कात्री तशीच होती, आणि चेहरा पांढराफटक. "ताई, माझा भाऊ बसलाय. उठतच नाही. 'बरंय' म्हणतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काल आरशात माझ्या मागे कोणीतरी उभं दिसलं होतं. छताला टेकलेलं. मला वाटलं गिऱ्हाईक. म्हटलं, बसा, एक दाढी झाली की घेतो."

"मग?"

"मागे वळलो तर कोणीच नाही. मला वाटलं घाई असेल, गेलं."

चष्मेवालीने दारात येऊन समोरच्या बाकाकडे पाहिलं. कोटवाला तिथेच होता. रस्त्याची रुंदी मध्ये होती, म्हणजे तिथून त्याला ती नक्की दिसत असणार. तिचा उजवा कान दिसत असणार, डावा गालही. हा विचार तिला इतके दिवस कसा सुचला नाही? मग तिच्या लक्षात आलं की रस्त्यावर बाहेर पडताना ती कायम डोक्यावरून ओढणी घेऊन डावी बाजू भिंतीकडे ठेवून चालत होती. वर्षानुवर्षं. आपण असं करतो हे ती विसरूनही गेली होती.

तिने त्याला हाताने बोलावलं.

तो खुर्चीत बसला. ती समोर स्टुलावर बसली. तिने शेळीचं कार्ड त्याच्या हातात दिलं.

"वाचा."

"माळ्याने—"

"यावर माळी नाहीये."

तो थांबला. ज्याने वेशींवर एकट्याने उभं राहून रात्री काढल्या होत्या, त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, जणू माळी मागच्या बाजूला गेला असेल.

"यावर काय आहे?" शेवटी त्याने विचारलं.

"शेळी."

"बरी आहे का?"

"पाला खातेय. काय दिसतंय तुम्हाला, खरं सांगा."

"काही दिसत नाही," तो म्हणाला. हे तीन शब्द बाहेर यायला किती काळ लागला असेल याचा हिशेब तारेच करोत. "मला अमर केलं तेव्हाच चाळिशी उलटली होती. बाकीचे विशीतले होते. देणारा माझ्याकडे उशिरा पोचला. तेव्हापासून हाताच्या आतलं सगळं धुकं आहे. ताटातलं, हातातलं. कोणाला सांगितलं नाही. मोठमोठे लोक माझ्यावर विसंबून होते."

"आणि मी?"

"तुमचा आवाज आहे. काच घासल्याचा वास आहे. आणि समोर एक उजेड असतो, माणसाच्या आकाराचा." तो जरा घुटमळला. "तेवढ्यासाठी येत होतो. पॅड टोचत नव्हतं."

बाहेर आईचा खोकला नेमका त्या वेळी बंद पडला.

तिने चाचणीची चौकट त्याच्या नाकावर ठेवली आणि एकेक भिंग घालायला लागली. "हे बरं की हे?" "आधीचं की आताचं?" या वेळी तो खरी उत्तरं देत होता. जगातल्या सगळ्या प्रेमिकांनी एकमेकांना विचारलेल्या प्रश्नांत यापेक्षा सरळ प्रश्न सापडणार नाही, आणि इतकी सरळ उत्तरंही. नंबर पुरता लागायच्या एक पायरी आधी तिने भिंगं काढून घेतली. "बाकीचं मला कळलं," ती म्हणाली. तेवढी भित्री ती होती.

मग ती चाकावर बसली. काचेला कड काढायची, पाण्याखाली धरायची, फ्रेमला लावून पाहायची, पुन्हा घासायची. हेच चाक, ज्यावर ती काच फुटली होती. तिचे हात स्थिर होते. काचेला काय दाखवायचं आणि काय नाही हे विचारायची सोय नसते. घासली की ती सगळंच दाखवते.

चष्मा तयार झाला. ती तो घेऊन फटीत आली. त्याच्या समोर वाकता वाकता तिची नजर आरशाकडे गेली, आणि तिला ते दिसलं.

आधी वाटलं आरसाच मागे सरकला. वडिलांनी दुप्पट केलेली खोली आता कितीतरी पट खोल झाली होती. फळ्यावरची अक्षरं आरशात सरळ दिसायची, ती आपोआप उलटी फिरली. आणि त्यांच्या मागून ते आत येत होतं, छत बुटकं म्हणून वाकून, डोंगर वाकावा तसं. त्याला कातडी नव्हती. त्याच्या अंगभर माणसांचे दिवस चिकटले होते. प्रत्येक दिवस एखाद्या पेटलेल्या खिडकीसारखा. एकात पोर पळत होतं, एकात कोणी बाई उन्हात केस वाळवत होती, एकात शिंपी दात दाखवून हसत सुईत दोरा ओवत होता. हजारो खिडक्या, प्रत्येकीत वेगळं ऊन. इतकं सुंदर काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे सगळं चोरलेलं आहे, आणि आता यात तिचाही एखादा दिवस लागणार. बहुतेक आजचाच.

तिने आजवर हजारो लोकांना चष्मे घातले होते. हात आपोआप चालले. काड्या कानांमागे गेल्या, फ्रेमचा मधला पूल नाकावर बसला, अंगठ्याने डावी बाजू जरा वर.

"मागे," ती म्हणाली. "तुमच्या मागे आहे."

पण त्याच्या समोर ती होती.

त्याने पाहिलं. धुकं उठलं आणि हाताच्या आतलं जग युगांनंतर पहिल्यांदा त्याच्यापुढे उघडलं: पापण्या, कानाजवळची पांढरी बट, ओठांवरच्या रेषा, घामाचा एक थेंब. त्याची नजर त्या व्रणाच्या वरच्या टोकाला पोचली. चष्मेवाली वाट बघत राहिली, आता दचकेल, आता कानावर जाईल. ती गेली नाही. एखादी ओळ वाचावी तशी ती सावकाश त्या व्रणावरून खाली उतरली, हनुवटीपर्यंत, आणि तिथून परत वर आली, जणू नीट कळली नव्हती म्हणून पुन्हा वाचायची होती. विझलेल्या ताऱ्याबद्दल बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते आता उलट्या दिशेने आलं, काहीतरी पेटल्यासारखं.

"अहो, मागे!"

"एक मिनिट," तो म्हणाला. काळाकडून त्याने आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

राक्षसाने हात घातला. कोटाची पाठ उभी फाटली. तेव्हा कुठे तो वळला, बसल्या खुर्चीत, आरशाकडे पाठ करून, चष्मा नाकावर नीट बसलेला. राक्षस इतका जवळ होता की त्याच्या अंगावरच्या एका खिडकीतलं ऊन कोटवाल्याच्या गालावर पडलं होतं. गळ्याखाली, सगळ्या दिवसांच्या मध्ये, एकही दिवस न चिकटलेला काळा ठिपका होता. तिळाएवढा.

"अच्छा," कोटवाला म्हणाला. "तिथे आहे होय."

आणि सुरा तिथे गेला, बटण काजात जावं इतका सहज.

आवाज झाला नाही. खिडक्या सुटल्या. एकेक दिवस त्या फटीतून बाहेर पडायला लागला, काउंटरवरून, आईच्या डोक्यावरून, फ्रेमांच्या शेकडो काचांत चमकत, दारातून रस्त्यावर. थोडा वेळ दुकानात सगळ्यांची सगळी उन्हं एकाच वेळी होती. आई उभी राहून दोन्ही हात पसरून बघत होती. तिच्या हातातलं फडकं सोन्याचं दिसत होतं. शेजारून न्हाव्याच्या भावाचा आवाज आला, "चहा झाला का रे?" फळवाला उठला. शाळेतल्या बाई उठल्या आणि धावत सुटल्या. रस्त्याच्या टोकाच्या कचेरीतलीही सगळी माणसं एकदम उभी राहिली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा बसली.

उजेड ओसरला तेव्हा आरशात एक अरुंद खोली होती, एक खुर्ची, एक स्टूल, सरळ अक्षरं.

तो तिच्याकडे वळला. चष्मा अजून होता. "इथे काय झालं होतं?" त्याने विचारलं, आणि स्वतःच्या गालावरून बोट फिरवून दाखवलं.

"काच फुटली होती."

"दुखलं होतं?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळे सभ्य होते.

"खूप," ती म्हणाली.

"विचारलं बाई एकदाचं कोणीतरी," आई बाहेरून म्हणाली, आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसला. त्याने तिच्या हाताच्या रेषा पाहिल्या, काउंटरवरची धूळ पाहिली, शेळीचं कार्ड पूर्ण वाचलं आणि शेळीचं पुढे काय झालं हे विचारलं. मग उठला. त्याच्या पेशात एक नियम होता, आणि तो त्याने तिला दारात उभं राहून सांगितला. ज्या ठिकाणचा राक्षस संपला, तिथे परत फिरायचं नाही. पुढचा समुद्रापलीकडे होता. गेल्या हजार वर्षांत हा नियम कोणी मोडला नव्हता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. खरा नंबर दिला की तो जिंकणार आणि जिंकला की जाणार, हे भिंगं घालतानाच तिला कळलं होतं. "चष्मा दोन्ही हातांनी काढा. एका हाताने काढला की काड्या वाकतात."

"आणि त्यावर बसू नका," आई म्हणाली. "सगळे बसतात."

तो अमर योद्धा ताठ उभा राहिला. त्याच्या मागे मावळतीचं आकाश होतं आणि फाटक्या कोटातून ते आरपार दिसत होतं. "आई," तो म्हणाला, "मी प्रलयातून चालत आलो आहे. माझ्या हातून असल्या चुका होत नाहीत."

मग त्याने चष्म्यातून चष्मेवालीकडे एकदा शेवटचं पाहिलं, जवळून, आणि निघून गेला. ती दारात उभी राहिली, ओढणी खांद्यावर होती. त्याला लांबचंही उत्तम दिसत होतं, त्यामुळे वळणापर्यंत ती हलली नाही. आणि वळणाच्या पुढेही बराच वेळ नाही, कारण त्याची नजर कुठपर्यंत पोचते ते तिला माहीत होतं. आकाशात, कौलांच्या वर, निळ्या ताऱ्याची रिकामी जागा होती. तिला वाटलं, तो तिथूनही बघू शकेल.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी, दुकान उघडल्या उघडल्या, दाराची घंटी वाजली. आईने फडक्यावरून मान वर केली. दारात कोटवाला उभा होता. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर ठेवली आणि छताकडे बघत राहिला.

तो चष्म्यावर बसला होता.